बाणेरमधलं आमचं कोकणी रेस्टॉरंट: शनिवार-रविवार फुल्ल, सोमवार-मंगळवार रिकामं. सवलत न देता काय करता येईल?

निवतीची_सून

नमस्कार मंडळी,

मी आणि माझे दीर मिळून बाणेरला कोकणी-सारस्वत पद्धतीचं रेस्टॉरंट चालवतो. साठ खुर्च्या, परमिट रूमचा परवाना आहे, दोघांचं जेवण साधारण 3,600 रुपयांपर्यंत जातं. म्हणजे रोजच्या खानावळीतलं गिऱ्हाईक आमचं नाही, हे आम्हाला सुरुवातीपासून माहीत आहे. मासळी वेंगुर्ला-मालवणकडून रात्रीच्या गाडीने बर्फात येते, कमी पडली तर गणेश पेठेतून आणतो. मसाले सासूबाई स्वतः समोर उभ्या राहून भाजून घेतात. चवीबद्दल तक्रार आलेली नाही.

शनिवारी-रविवारी रात्री लोक दाराशी थांबलेले असतात. बुधवार आणि शुक्रवारही चांगले जातात. पण सोमवार, मंगळवार, गुरुवार या तीन दिवशी कधी कधी पाच-सहा टेबलंसुद्धा लागत नाहीत. भाडं, पगार, वीज मात्र सातही दिवस चालूच.

सध्या तीन बाजूंनी तीन सल्ले आहेत. एक एजन्सी महिना 60,000 अधिक जीएसटी मागते, त्यात आठवड्याला ठरावीक रील आणि पोस्ट. एका अ‍ॅपचा माणूस म्हणतो, सोमवार ते गुरुवार सरसकट 30 टक्के सवलत लावा, टेबलं भरायची जबाबदारी आमची. आणि ओळखीतले सांगतात की मोठे फॉलोअर्स असलेल्या चार-पाच जणांना फुकट जेवायला बोलवा.

दिरांचं म्हणणं, सहा महिने सवलत देऊन बघू, लोकांच्या जिभेला चव लागली की पुढे पूर्ण पैसे देऊन येतील. मला ते पटत नाही, पण घरात बसून आकड्यांत मांडायला गेलं की मी अडते. ज्यांनी या धंद्यात काम केलंय किंवा अशा ठिकाणी नेहमी जेवायला जातात, त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

केतकी_एफअँडबी

ताई, माझी बरीच वर्षं मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या एफ अँड बी, म्हणजे खाद्य-पेय विभागात गेली. आता पुण्यात काही स्वतंत्र रेस्टॉरंटांचं बुकिंग आणि पाहुण्यांशी संपर्काचं काम बघते. तुमचा प्रश्न वाचल्यावर लगेच लिहायला बसले, कारण कोकणी जेवण नीट करणाऱ्या जागा टिकाव्यात असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही जे तीन रिकामे वार लिहिलेत ते पुन्हा वाचा. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा आणि देवीचा, गुरुवार दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा. भरलेले वार कोणते? बुधवार, शुक्रवार, रविवार. मराठी घरांमध्ये मासळी आणायचे हेच तीन वार. शनिवार मारुतीचा असूनही तुमच्याकडे चालतो, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी असते आणि आयटीतली मंडळी बाहेर पडतात. म्हणजे तुमच्याकडे जाहिरात कमी पडते असं नाहीच. तुमचं गिऱ्हाईक वार पाळणारं आहे आणि तुमची ओळख मासळीची आहे. सोमवारी उपास असलेल्या माणसाला 30 टक्के स्वस्त सुरमई दाखवून तो येणार नाही. 50 टक्के केली तरी नाही. अ‍ॅपवाल्याच्या पडद्यावर फक्त रिकाम्या टेबलांचा आकडा दिसतो, त्याचं कारण दिसत नाही. म्हणून तो सगळीकडे एकच औषध देतो.

उच्चभ्रू रेस्टॉरंटांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक हीच आहे. टेबल रिकामं का आहे हे न विचारता ते भरायला धावायचं.

आता सवलतीचा हिशोब, दिरांना दाखवायला. दोघांचं बिल 3,600. कच्चा माल तिसरा हिस्सा धरू, म्हणजे 1,200. मासळीच्या जागेला हा अंदाज फार चढा नाही. उरले 2,400, यातून भाडं, पगार, वीज, गॅस आणि तुमचा नफा. 30 टक्के सवलत दिली की बिल 2,520 चं होतं. सुरमईचा भाव मात्र सवलतीत येत नाही, माल 1,200 चाच. उरले 1,320. म्हणजे बिल 30 टक्क्यांनी कमी झालं, पण हातात राहणारे पैसे 45 टक्क्यांनी. पूर्वी 10 टेबलांत जे उरायचं त्यासाठी आता 18 च्या वर टेबलं लावावी लागतील. शिवाय अ‍ॅपचं कमिशन यात धरलेलंच नाही. आणि 18 टेबलांना वाढायला माणसंही जास्त लागतात.

दुसरं, जो पाहुणा शुक्रवारी पूर्ण पैसे देऊन येणार होता तो आता बुधवारी सवलतीत येईल. मग तुमचा चांगला चाललेला वारही पातळ होतो. ‘चव लागली की पूर्ण पैसे देतील’ हे मी खूप मालकांकडून ऐकलंय. ज्याला तुमचं जेवण 2,520 ला मिळालं त्याच्या डोक्यात त्याची किंमत 2,520 च बसते. पुढे 3,600 घेतले की त्याला महागाई वाटते. 2019 च्या ऑगस्टमध्ये गुरुग्रामपासून सुरू होऊन देशभरातल्या रेस्टॉरंटांनी अ‍ॅपच्या सवलत-सदस्यत्वांतून बाहेर पडायची मोहीम केली होती, ‘लॉगआउट’ म्हणून. एनआरएआय ही रेस्टॉरंटांची राष्ट्रीय संघटना त्यात पुढे होती. मोठ्या मोठ्या साखळ्यांना जे झेपेना ते साठ खुर्च्यांना कसं झेपेल?

मग करायचं काय? त्या तीन वारांना वेगळं जेवण विका. सारस्वत शाकाहारी जेवण हा तुमच्या घरातला खजिना आहे आणि पुण्यात तो नीट मांडलेला फार कमी ठिकाणी दिसतो. खतखतं, मुगागाठी, दाळीतोय, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, शिरवळे, खापरोळ्या, काकडीचं धोंडस. हे पदार्थ मासळीच्या मेन्यूच्या शेवटच्या पानावर ‘व्हेज’ या शीर्षकाखाली पनीरशेजारी पडलेले असतील तर वार पाळणारा माणूस सोमवारी तुमच्याकडे का येईल? त्या तीन वारांना एकच ठरलेलं, पाच-सहा पदार्थांचं, क्रमाने वाढलेलं शाकाहारी जेवण ठेवा. दर स्वतंत्र ठरवा आणि तो सवलतीचा दर आहे असं कुठेही म्हणू नका. स्वयंपाकघरात तवा, कढई, तेल वेगळं ठेवा आणि तसं ठळक छापा. गुरुवार कडक पाळणारी बाई हा एकच प्रश्न विचारते आणि कॅप्टन (ऑर्डर घेणारा मुख्य वाढपी) अडखळला की ती पुढच्या वेळी येत नाही. कांदा-लसणाशिवायही करून द्या, या जेवणात ते सहज जमतं.

मासळी हवी असणाऱ्यांना त्या दिवशी नाही म्हणू नका, पण जाहिरात शाकाहारी जेवणाची करा.

याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे केळवण. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि पुढे चातुर्मास लागेपर्यंत घराघरांत केळवणं चालतात. पूर्वी आत्या-मावश्या घरी करायच्या. आता घरातले सगळे नोकरीला, त्यामुळे जेवण बाहेर होतं. नवरा-नवरीचे शनिवार-रविवार खरेदीत आणि पत्रिका वाटण्यात जातात, म्हणून केळवण बहुतेक वेळा मधल्या वारी संध्याकाळी ठरतं. आठ-बारा माणसं, त्यात आजी-आजोबा, म्हणजे शाकाहारीच हवं असतं. हे सगळं तुमच्या रिकाम्या वारांत चपखल बसतं. दोन टेबलं जोडा, केळीची पानं, पानाभोवती रांगोळी, औक्षणाचं तबक तयार ठेवा, निरांजनात वात आणि तूप घालून ठेवा म्हणजे ऐन वेळी कोणाची धावपळ नको. नवरीला उखाण्याचा आग्रह घरचे करतीलच, तुम्ही त्या पाच मिनिटांत पार्श्वसंगीत बंद करा आणि वाढप्यांना थांबवा. त्या वेळी प्रत्येकाच्या हातात फोन असतो. ते फोटो बारा घरांच्या कौटुंबिक ग्रुपांवर जातात आणि त्या प्रत्येक ग्रुपात पुढचं लग्न ठरलेलं कोणीतरी असतंच. या प्रसिद्धीसाठी तुम्हाला कोणाला फुकट जेवू घालावं लागत नाही. डोहाळजेवण, साठी, पंच्याहत्तरी यांचंही तसंच.

रीलबद्दल एकच सांगते. ड्राय आइसचा धूर सोडलेले मोदक आणि हवेतून ओतलेली सोलकढी मी इतक्या ठिकाणी पाहिलीये की कोणतं रेस्टॉरंट कोणतं हे लक्षात राहत नाही. तुमच्याकडे दाखवण्यासारखं काय आहे? पहाटे उघडलेली बर्फाची पेटी. सासूबाई मसाला भाजताना. ते दाखवा. त्याला एजन्सी लागत नाही.

आणि जून-जुलैमध्ये ‘आजचा ताजा पापलेट’ असं चुकूनही टाकू नका. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि तुमच्या गिऱ्हाइकांतले निम्मे कोकणातले असतील, त्यांना हे पाठ आहे. एकदा विश्वास गेला की बाकीचा मेन्यूही संशयात. त्या दोन महिन्यांत सोड्याची खिचडी, सुक्या बांगड्याची किसमूर, खाडीतलं जे खरंच मिळालं ते, आणि टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्डू अशा रानभाज्या. पुढे श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या. पावसाळा हा तुमच्याकडे मंदीचा हंगाम म्हणून बघू नका, त्याचा स्वतःचा मेन्यू आहे.

मुंबईत पाहा. लोअर परळच्या कमला मिल्समधलं बॉम्बे कँटीन 2015 पासून आणि महालक्ष्मीचं मास्क 2016 पासून चालू आहे. एकाने देशी, प्रांताप्रांतांतले पदार्थ धरले, दुसऱ्याने फक्त ठरलेल्या क्रमाचा टेस्टिंग मेन्यू. दोघांनी आपण काय आहोत ते ठरवलं आणि धरून ठेवलं. दर महिन्याला नवी ओळख शोधणाऱ्या किती जागा तेवढ्यात उघडून बंद झाल्या!

विद्या_प्रा

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. निवृत्त प्राध्यापिका आहे, पाषाणला राहते, महिन्यातून दोन-तीनदा आम्ही चांगल्या ठिकाणी जेवायला जातो. खर्च करायची तयारी असते, पण परत त्याच जागी जाणं क्वचितच होतं. का, ते सांगते.

फोन. यजमानांच्या वाढदिवसाला एका नावाजलेल्या जागी फोन केला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज, मग ‘लिंक पाठवतो, त्यावर बुक करा’. लिंकवर आईसाठी हाताची खुर्ची हवी हे लिहायला जागाच नव्हती. आई नव्वदीच्या पुढे आहेत. तिथे पोहोचलो तर सगळीकडे उंच स्टूल आणि पाठ नसलेली बाकडी. आम्ही उभ्या उभ्या परत फिरलो. चार माणसांचं बिल आणि पुढची सगळी बिलं त्या दिवशी गेली.

मंद दिव्यांत क्यूआर कोडचा मेन्यू आम्हाला वाचता येत नाही. छापील मेन्यू मागितला की देतात, पण मागावा लागतो. आवाज इतका की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलायचं. शेजारच्या टेबलावर कोणी व्हिडिओ करत असेल तर त्याचा दिवा आमच्या डोळ्यांत.

सगळ्यात महत्त्वाचं, वाढणाऱ्याला जेवण माहीत हवं. ‘आज मासळीत काय चांगलं आलंय?’ असं मी नेहमी विचारते. ‘सगळंच चांगलं आहे, मॅम’ हे उत्तर मिळालं की मी सर्वांत साधा पदार्थ मागवते. आणि पार्ल्याला माझ्या माहेराजवळच्या एका जुन्या हॉटेलातला वाढपी सांगायचा, ‘बाई, आज बांगडा घ्या, पापलेट कालचा आहे.’ त्या माणसासाठी आम्ही तिथे किती वर्षं गेलो! केतकीताईंनी वारांबद्दल लिहिलंय ते अगदी खरं आहे. आमच्या घरी गुरुवार आहे आणि गुरुवारी बाहेर नेण्यासारखं चांगलं मराठी शाकाहारी ठिकाण शोधताना दमछाक होते. तुम्ही सुरू केलंत तर मी पहिली येईन.

सीए_वाईकर

केतकीताईंनी हिशोब सोपा करून सांगितलाय, त्यात कराची आणि कायद्याची बाजू जोडतो. माझे काही अशील याच धंद्यात आहेत.

तुम्ही ग्राहकांकडून 5 टक्के जीएसटी घेत असणार. नोव्हेंबर 2017 पासून स्वतंत्र रेस्टॉरंटांना हा दर इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वजा न करता, लागू आहे. त्यामुळे एजन्सीच्या 60,000 वरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे 10,800, तुम्हाला परत मिळत नाही. तुमचा खरा खर्च महिना 70,800, वर्षाला साडेआठ लाखांच्या आसपास. वरच्या हिशोबाने दोघांच्या टेबलामागे 2,400 उरत असतील तर दर महिन्याला जवळपास 30 जादा टेबलं केवळ एजन्सीचं बिल भरायला लागतील. एजन्सीला पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारा: ही 30 टेबलं कुठून येणार आणि ती तुमच्यामुळे आली हे मोजणार कसं? उत्तरात फक्त व्ह्यूज आणि लाइक्स आले तर उठा.

फुकट जेवणाच्या पोस्टबद्दल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी सूचना काढल्या आहेत. पैसेच नव्हे, तर मोफत जेवण, मोफत वस्तू, सवलत यांतलं काहीही घेतलं असेल तर ते पोस्टमध्ये स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. तेव्हा कोणाला बोलावलंत तर आधी लेखी ठरवा. विकत घेतलेले पाच-तारे अभिप्राय तर नकोच.

तुमच्याकडे परमिट रूम आहे म्हणून हेही सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 च्या कलम 24 नुसार मद्याची जाहिरात करता येत नाही. ‘कॉकटेलवर कॉकटेल मोफत’ छापाची पोस्ट एजन्सीतला विशीतला मुलगा उत्साहाने टाकतो आणि नोटीस मात्र परवाना ज्याच्या नावावर आहे त्याला येते. परवाना गेला तर सगळंच बसलं. कोकमाचं, कैरीचं, आवळ्याचं बिनमद्याचं पेय दाखवा, तेच तुमच्या जेवणाला जास्त शोभतं.

आणि सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सूचना काढल्या, की तो बिलात आपोआप लावायचा नाही. रेस्टॉरंटांच्या संघटना कोर्टात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला त्या सूचना कायम ठेवल्या. अजून कोणी पीओएसमध्ये, म्हणजे बिलिंगच्या यंत्रात, 10 टक्के बसवून ठेवला असेल तर आजच काढा. जेवण उत्तम झालं आणि शेवटी बिलावरून वाद झाला, तर माणूस वादच लक्षात ठेवून जातो आणि गूगलवर तोच लिहितो.

म्हापशेकार

मी पणजीला दोन जागा सांभाळतो. आमच्याकडे उलटा त्रास: ऑक्टोबर ते मार्च पर्यटक, मग एकदम शुकशुकाट. त्यामुळे इथले बरेच मालक हंगामात येणाऱ्या माणसाकडे बघून मेन्यू करतात, दर वाढवतात, तिखट कमी करतात. जून आला की गावच्या माणसाने यावं अशी अपेक्षा! तो कशाला येईल? हंगामात तुम्ही त्याला टेबल दिलं नव्हतं.

आम्ही वर्षभर काही टेबलं इथल्या लोकांसाठी धरून ठेवतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा. त्या आठवड्यात थोडं नुकसान होतं, पण पावसाळ्यात तीच घरं आम्हाला जगवतात. तुम्हाला हे शनिवारी लागू आहे. सोमवारी-मंगळवारी येणारा जो पाहुणा असेल त्याने शनिवारी टेबल मागितलं तर दारात थांबवू नका, आधी द्या. आणि ते त्याला सांगा पण, ‘तुम्ही आमचे नेहमीचे, म्हणून ठेवलं.’

टॅक्सीवाल्यांना कमिशन देऊन माणसं आणायची पद्धत आमच्याकडे आहे. महाग जागेला ती मारक. येतो तो माणूस तुमच्याकडे यायचं म्हणून निघालेलाच नसतो. अ‍ॅपच्या सवलतीचं मला तसंच वाटतं.

विद्याताई म्हणतात ते ‘आज काय चांगलं?’ याचं उत्तर: रोज सहा वाजता, दार उघडायच्या आधी, सगळ्या वाढप्यांना उभं करून त्या दिवशीची मासळी ताटलीत दाखवायची, कालवणाचा एकेक चमचा चाखायला द्यायचा. कुठून आली, कशात घातली, किती नग आहेत. दहा मिनिटं लागतात. जाहिरातीला एक रुपया घालण्याच्या आधी हे.

निवतीची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. 10 टेबलांच्या जागी 18 हा आकडा दिरांना रात्री दाखवला. त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन दोनदा केला आणि सवलतीचा विषय तिथेच थांबला. सासूबाई तर खतखत्याचं नाव ऐकून खूश आहेत, त्यांचं म्हणणं की त्या पहिल्यापासून हेच सांगत होत्या.

दिरांचा प्रश्न असा: एजन्सी नको, ठीक. पण मग काहीच खर्च करायचा नाही का? आणि केळवणाची, गुरुवारच्या जेवणाची बातमी लोकांपर्यंत पोहोचणार कशी? आमच्या पीओएसमध्ये जुन्या पाहुण्यांचे नंबर आहेत, पण नुसते नंबर. कोण कोण ते माहीत नाही.

केतकी_एफअँडबी

खर्च करा, पण माणसावर. त्या 70,800 मधले निम्मे घालून एक चांगली मुलगी किंवा मुलगा नेमा, ज्याचं काम फोन, दार आणि वही एवढंच. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही नीट बोलता यायला हव्यात. फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलला गेला पाहिजे आणि तारीख-वेळ झाल्यावर एक प्रश्न हमखास विचारायचा: ‘काही खास निमित्त आहे का? कोणाला काही चालत नाही असं आहे का?’ उत्तर वहीत, त्याच नंबरपुढे.

ही वही कशी दिसते ते सांगते. मी एका ठिकाणी सांभाळलेल्या वहीत नोंदी अशा असायच्या: ‘आजींना गुडघ्याचा त्रास, पायरीजवळचं टेबल नको.’ ‘साहेबांना शिंपल्यांची अ‍ॅलर्जी, केओटीवर (स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) लाल पेनाने.’ ‘मुलगी बारावीला, मार्चनंतर येतील.’ तो पाहुणा पुन्हा आला की कॅप्टनने वही बघूनच टेबलापाशी जायचं. ‘शिंपल्या आम्ही तुमच्या टेबलावर येऊच देणार नाही’ हे वाक्य पाहुण्याने न सांगता ऐकलं की तो माणूस तुमचा झाला. वाढदिवसाला केक आणि टाळ्या सगळेच करतात, हे फार थोडे करतात. संगणकावर ठेवा हवं तर, पण सवय वहीची लावा.

नंबर वापरताना परवानगी घ्या. बिलाबरोबर छोटं कार्ड द्या, ‘आमच्या हंगामी जेवणांची माहिती पाठवली तर चालेल का?’, आणि खूण केली त्यांनाच पाठवा. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही संमतीवरच उभा आहे. जुन्या नंबरांना एकदम सगळ्यांना संदेश फेकू नका. जे पुन्हा येतील त्यांच्याशी बोलून एकेक नोंद भरत जा.

उरलेल्या पैशांत दर ऋतूला एकदा चांगला फोटोग्राफर बोलवा, दिवसाच्या उजेडात खऱ्या ताटाचे फोटो काढा. गूगलवरच्या तुमच्या पानावर ते चढवा. तिथे मेन्यू, वेळा, पार्किंग, लिफ्ट किंवा रॅम्प आहे का हे सगळं आजचं असायला हवं. बाणेरमध्ये पार्किंगची माहिती नसेल तर अर्धे लोक तिथेच विचार बदलतात. आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला स्वतः उत्तर लिहा. ठरावीक साचा चिकटवू नका, त्या माणसाने ज्या पदार्थाबद्दल लिहिलंय त्याबद्दल लिहा.

केळवणासाठी लक्ष्मी रोडच्या शालूंच्या दुकानात, मंगल कार्यालयांच्या व्यवस्थापकांकडे, मेंदी काढणाऱ्या मुलींकडे छापील पत्रक ठेवा. पत्रकावर दर छापा. ‘दरासाठी संपर्क करा’ लिहिलं की मराठी माणूस समजतो, परवडणार नाही. हिंजवडी-बालेवाडीच्या कंपन्यांतल्या अ‍ॅडमिनच्या लोकांना प्रत्यक्ष भेटा आणि त्यांना बुधवारचं आमंत्रण द्या. परदेशातून आलेल्या सहकाऱ्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न त्यांना दर महिन्याला पडतो.

संदेश कसा लिहायचा तेही विचाराल म्हणून नमुना देते:

‘नमस्कार विद्याताई. येत्या गुरुवारी आमच्याकडे ओल्या काजूची उसळ, खतखतं आणि खापरोळ्या आहेत. शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो. तुमच्या आईंसाठी हाताची खुर्ची ठेवू. टेबल हवं असल्यास कळवा.’

एवढाच. भडक चित्र नको, ‘लवकर करा’ नको. सकाळी अकरा-साडेअकराला पाठवा, संध्याकाळचा बेत घरात त्याच सुमाराला ठरतो. उत्तर आलं नाही तर त्याच जेवणासाठी दुसरा संदेश पाठवू नका.

विद्या_प्रा

हा संदेश मला आला तर मी पाच मिनिटांत फोन करीन. खुर्ची खरंच ठेवा.

निवतीची_सून

खुर्ची नक्की, विद्याताई. दोन हातांच्या खुर्च्या आज सुताराकडे सांगितल्या.

दारावरच्या कामासाठी आमच्याच कॅप्टनची बहीण तयार आहे, तिने दवाखान्यात रिसेप्शनला काम केलंय. गुरुवारच्या जेवणाचा क्रम सासूबाईंनी लिहून दिलाय: सोलकढी, मुगागाठी आणि घावणे, मग खतखतं, उसळ, दाळीतोय-भात, शेवटी शिरवळे रसात. माझा प्रश्न एवढाच की दाळीतोय-भाताच्या आधी ताक द्यावं की शेवटी. म्हापशेकार, तुमच्याकडे कसं वाढतात?

म्हापशेकार

शेवटी, भाताबरोबरच. आणि शिरवळे ताटात आधीपासून मांडू नका, सुकतात. रस टेबलापाशी आणून ओता.